शेजारच्या सीटवरचा ब्रेक

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव हळूमास्तर म्हणतं. बेचाळीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. स्कूल म्हणजे एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी एक पांढरी गाडी. दातांचे डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, बेकरीवाला आणि त्याच्या दोन्ही बायका (एकीच्या पश्चात दुसरी, उगाच गैरसमज नको) असे किती तरी जण त्यांच्या शेजारी बसून शिकले. शिकवताना ते दर दोन मिनिटांनी एकच शब्द बोलायचे, "हळू." तेच नाव पडलं. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "मी यांच्याकडे पहिल्यांदा बघून हसले ना, तेव्हासुद्धा हे मनात म्हणाले असतील, हळू!"

त्यांचा पहिला धडा प्रसिद्ध होता. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करायची नाही. शिकणाऱ्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, पाय ब्रेकवर नुसता टेकवायचा आणि डोळे मिटायचे. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. दोन्ही पेडलं खालून एका दांड्याने जोडलेली असतात, एक दाबलं की दुसरं आपोआप खाली जातं. मास्तर आपल्याकडचं पेडल दाबायचे, कधी गच्च, कधी नखभर, आणि शिकणाऱ्याने मिटल्या डोळ्यांनी सांगायचं, "दाबलं." दहापैकी दहा वेळा बरोबर आल्याशिवाय किल्लीला हात लावू द्यायचे नाहीत. लग्नानंतर मी शिकले तेव्हा मला चार दिवस लागले. शेवटी त्यांनीच माझ्या जाड तळाच्या सँडलकडे बोट दाखवलं. "पोरी, पायात फळ्या बांधून आलीस तर पाय काय सांगणार तुला? काढ त्या."

पंच्याहत्तरीला त्यांनी स्कूल बंद केलं. टेबल गेलं, तक्ता बिट्टीने, म्हणजे माझ्या मुलीने, तिच्या खोलीत लावला. गाडी मात्र राहिली, जादा पेडलांसकट. "मोडीत काढायला ती काय शिलाईमशीन आहे?" असं मामंजी म्हणाले, आणि पुढे कुणी विषय काढला नाही.

पहिल्यांदा जे घडलं ते शाळेजवळच्या चौकात. मी त्यांच्या शेजारी, बिट्टी मागे. एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मामंजींना ती दिसली होती, कारण ते म्हणाले, "या बाई, या, तुमचाच रस्ता आहे." पण गाडी थांबेना. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, ते शांत होते. बाबागाडीची चाकं आता बॉनेटच्या अगदी समोर आली, आणि माझा पाय, मी न सांगता, माझ्याकडच्या पेडलवर सगळा भार घेऊन पडला. गाडी हातभर अंतरावर थांबली. बाईने आमच्याकडे बघितलंही नाही.

"बघितलंस?" मामंजी खूश होऊन म्हणाले. "बेचाळीस वर्षांचा पाय आहे. ब्रेक कसा लागला बघ."

ब्रेक मी दाबला, असं कसं सांगायचं? ते माझे सासरे, त्यात माझे गुरू. मागून बिट्टी बघत होती. घरी जाऊन सांगू, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर इथेच सगळं चुकलं.

संध्याकाळी मी बिट्टीच्या बाबांना स्वयंपाकघरात गाठलं. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतात, आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासायचा हक्क त्यांचाच.

"अहो, मामंजींना आता गाडी देऊ नका."

"का? डोळे मी स्वतः तपासलेत. या वयात शेवटची ओळ वाचतात ते. मला वाचता येत नाही."

"डोळ्यांचं नाही म्हणत मी. त्यांनी ब्रेकच नाही दाबला."

"मग थांबली कशी गाडी?"

"मी दाबला."

त्यांनी पोळीचा तुकडा तोंडात टाकला. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग झालं तर! जादा ब्रेक आहेच की. तू शेजारी बसत जा."

नणंदेला फोन केला. वन्सं दूर राहतात आणि सल्ला जवळून देतात. "वहिनी, तू आहेस ना शेजारी? मग कशाला त्यांचं मन मोडायचं? आई गेल्यापासून त्यांना दुसरं आहे काय?" मला पटलं नव्हतं, असं मी आज म्हणू शकते. पण सांगण्याची वेळ टळली म्हणून मला त्या दिवशी सुटल्यासारखंही वाटलं होतं.

त्यानंतर मी जणू नोकरीलाच लागले. मामंजी किल्ली उचलायचे आणि मी चपला शोधायचे. "मलाही धागा आणायचाय." "मलाही पोस्टात काम आहे." माझ्या खणात इतक्या रंगांची रिळं साठली की बिट्टीने विचारलं, "आई, तू शिंप्याचं दुकान काढणारेस का?" मामंजी चेष्टा करायचे, "सूनबाईला म्हातारपणी माझी गोडी लागली." मी हसायचे. पण गाडीत बसलं की मला काही ऐकू यायचं नाही. डोळे रस्त्यावर, उजवा पाय पेडलच्या वर अधांतरी, मांडीला पेटके. समोरची गाडी, कुत्रा, सायकल, लाल दिवा. प्रत्येक वेळी मनात एकच, आता दाबतील, आता दाबतील. बऱ्याचदा ते दाबायचेही. म्हणूनच तर जास्त भीती. नेहमीच चुकले असते तर मी डोळे मिटून आधीच दाबला असता. कधी चुकतील ते कळत नव्हतं. सुरुवातीला आठवड्यातून एकदा दाबायची वेळ यायची. सहाव्या महिन्यात एका फेरीत तीनदा आली.

आणि मी जितकी नेमकी दाबायचे, तितका त्यांचा विश्वास वाढत गेला. शेजाऱ्यांना सांगायचे, "शहात्तरावं लागलं, पण अजून एक ओरखडा नाही गाडीला." एकदा बिट्टीच्या बाबांनी धीर करून किल्ली डब्याच्या मागे लपवली. मामंजींनी कपाटातून दुसरी काढली. स्कूलच्या काळातल्या पाच किल्ल्या होत्या त्यांच्याकडे. "ही हरवली वाटतं," एवढंच म्हणाले, आणि आमच्या ह्यांनी हरवलेली किल्ली मुकाट्याने शोधून दिली.

मग शाळेची व्हॅन बंद झाली. जेवताना मामंजींनी जाहीर केलं, "सोमवारपासून बिट्टीला मी सोडणार आणि मीच आणणार. अकरा वर्षांची झाली, आता पुढे बसेल. आजोबांच्या शेजारी. काय गं?"

"येस!" बिट्टीने ताटावर चमचा वाजवला.

पुढच्या सीटवर बिट्टी. तिचे पाय त्या पेडलपर्यंत पोचतात की नाही हे मी मनात मोजू लागले, आणि आपण काय मोजतोय हे कळल्यावर मला ताटावर बसवेना. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते ताटाकडे बघत म्हणाले, "बघू."

"बघू काय त्यात?" मामंजी म्हणाले. "गाडी आहे, मी आहे, पोर आहे."

सोमवारच्या आधी शनिवार आला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कठड्यावरून वाकून पाहिलं तर पांढरी गाडी गल्लीच्या टोकाला वळत होती आणि पुढच्या सीटवर बिट्टीची वेणी दिसत होती. मी हाक मारली. हाक गल्लीभर गेली, गाडीपर्यंत नाही गेली. नंतर कळलं की तिला चित्रकलेचा कागद हवा होता आणि मामंजी म्हणाले, "आईला कशाला त्रास, आपण पटकन जाऊन येऊ."

ती पंचवीस मिनिटं मी कशी काढली ते लिहिता येणार नाही, पण काय काय केलं ते आठवतं. फाटकात उभी राहिले. आत जाऊन फोन घेतला. कुणाला करणार? मामंजी गाडीत फोन उचलत नाहीत, तो त्यांचाच नियम. पुन्हा फाटकात आले. लांब कुठे तरी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला आणि मी कान देऊन तो कुठल्या दिशेला जातो ते ऐकत राहिले. माझा उजवा पाय सिमेंटवर दाबला जात होता, पुन्हा पुन्हा, आणि तिथे पेडल नव्हतं.

गाडी आली. पुढचा बंपर एका बाजूने आत गेला होता, दिवा फुटला होता. बिट्टी उतरली, धड होती. कागदाची गुंडाळी छातीशी इतकी घट्ट धरली होती की तिच्या घड्या पडल्या होत्या.

"दुकानासमोर नवा खांब रोवलाय," मामंजी म्हणाले. "लोक कुठेही खांब रोवतात. ब्रेक दाबला मी, पण गाडी पुढेच गेली. मेकॅनिकला दाखवायला हवं. ब्रेक गेलेत."

बिट्टीला मी न्हाणीघरात नेऊन तोंड धुवायला लावलं. तिथे ती बोलली. "आई, ब्रेक नव्हते गेले. आजोबांचा पाय दुसऱ्या पेडलवर होता, वेगाच्या. इंजिन ओरडत होतं. मी म्हटलं आजोबा, पाय काढा, तर म्हणाले, अगं मी ब्रेकच दाबतोय." मग तोंड पुसत म्हणाली, "आणि दुकानातून आलो ना, तेव्हा त्यांची एक चप्पल पायरीवरच राहिली होती. मी आणून दिली. त्यांना माहितीच नव्हतं."

मी नळ बंद केला. आठ महिन्यांत जे मला सुचलं नव्हतं ते आत्ता समोर येऊन उभं राहिलं. दोन्ही पेडलं एका दांड्याला आहेत. मी जेव्हा जेव्हा ब्रेक दाबला, तेव्हा मामंजींचा पाय ब्रेकवर असला तर त्यांच्या तळपायाखालून पेडल खाली गेलं असणार. सगळ्या गावाला मिटल्या डोळ्यांनी नखभर हालचाल ओळखायला लावणारा माणूस, आणि त्याला एकदाही कळलं नव्हतं. मी समजत होते की ते चुकतात, विसरतात, वय झालं. त्यांना पायच लागत नव्हता. साखरेचा जुना आजार, रोजच्या गोळ्या, आणि डॉक्टरांना दाखवायला गेलं की पायात कायम मोजे. डोळ्यांची शेवटची ओळ सगळ्यांनी तपासली, पायाला कुणी हात लावला नाही. पुढे डॉक्टर म्हणाले की तळव्याच्या नसा दोनेक वर्षांपासून मरत आल्या असाव्यात.

ह्यांना फोन केला. "आज संध्याकाळी बोलू त्यांच्याशी," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "तू बोलशील? मला नाही जमणार गं. सायकलपासून गाडीपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलंय मला."

मी संध्याकाळची वाट पाहिली नाही. बिट्टीला शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि मामंजींना म्हटलं, "ब्रेक तपासायचेत ना? मैदानावर जाऊ. मी चालवते."

त्यांनी मोजे-बूट चढवले. ज्या मोकळ्या मैदानावर ते शिकवायचे तिथे मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. आम्ही जागा बदलल्या. ते ड्रायव्हरच्या सीटवर, मी शेजारी.

"मामंजी, पहिला धडा."

"तुला पुन्हा शिकायचाय?"

"नाही. तुम्ही पाय टेकवा. डोळे मिटा. मी दाबते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं रागावतील, उतरून जातील. मग ते हसले, "परीक्षा होय सासऱ्याची? घे." त्यांनी नीट खाली बघून पाय पेडलवर ठेवला. खाली बघून ठेवला हे मला तेव्हाच दिसलं. डोळे मिटले.

मी दाबलं. हलकेच. ते गप्प. पुन्हा दाबलं, जरा जोरात. त्यांच्या बुटाचं टोक पेडलबरोबर खाली गेलं आणि वर आलं. मी माझ्या सगळ्या ताकदीने दाबलं. बाहेर दोन पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, त्यांचे आकडे ऐकू येत होते. मामंजींच्या चेहऱ्यावर विद्यार्थ्यासारखी उत्सुकता होती, भुवया जरा वर.

"अगं दाब की," ते म्हणाले. "किती वाट बघायला लावतेस?"

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. पाय अजून पेडलवर होता, तळाला टेकलेला. त्यांच्या पायाखालचं पेडलही तळाला होतं.

"किती झाली?"

"तीन."

त्यांनी बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याजवळ एक जखम होती, काळसर, कधीची कोण जाणे. त्यांनीही ती पहिल्यांदाच पाहिली असावी. अनवाणी पाय ठेवला. डोळे मिटले. "पुन्हा." मी दाबलं. "दाबलं का?" "हो." "पुन्हा." आता त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता नव्हती. दहा वेळा झालं. दहाही वेळा मला "हो" म्हणावं लागलं.

त्यांनी मोजा घडी करून बुटात घातला. मग अगदी मास्तरांच्या आवाजात विचारलं, "त्या बाबागाडीच्या वेळी ब्रेक कुणी लावला?"

"मी."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. आठ महिने."

"शिकणाऱ्याला न सांगता ब्रेक दाबायचा नाही," ते म्हणाले. "दाबला की तिथल्या तिथे सांगायचं, मी दाबला. नाही तर त्याला वाटतं आपणच थांबवली. मी हे तुला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं."

"मग?" त्यांचा आवाज फुटला. "आठ महिने, पोरी? बिट्टी मागे बसलेली असायची."

मी मान खाली घातली. त्यांचं मन मोडू नये म्हणून, असं म्हणायचं होतं. ते तिथे, त्या गाडीत, उच्चारायची लाज वाटली.

परत जाताना मी चालवायला बसले, ते शेजारी, त्यांच्या बेचाळीस वर्षांच्या जागेवर. मैदानातून निघताना गाडी जड वाटली, घाईने शिवलेला कपडा काखेत ओढतो तशी. थोडं पुढे गेल्यावर जळकट वास आला. मी खाली पाहिलं. त्यांचा अनवाणी पाय जुन्या सवयीने त्यांच्याकडच्या ब्रेकवर जाऊन बसला होता.

"मामंजी, पाय."

"काय पाय?"

"ब्रेकवर आहे."

त्यांनी पाहिलं. दोन्ही हातांनी पँट धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला, एखादी परकी वस्तू ठेवावी तसा. "ठीक आहे. चल."

मोठ्या रस्त्याला लागलो. मागे ट्रक होता. मी वेग घेतला, आणि गाडी मध्येच खाडकन थांबली. माझी छाती स्टिअरिंगवर आदळली. मागून हॉर्न, टायरांचा किंचाळल्यासारखा आवाज, आरशात ट्रकचं सगळं तोंड. तो आमच्या बाजूच्या आरशाला घासून, शिव्या घालत, पुढे निघून गेला. मामंजींचा पाय पेडलवर होता, तळाला, आणि ते समोर बघत होते. समोर खरंच एक सायकलवाला आडवा गेला होता. तो त्यांना माझ्या आधी दिसला होता. त्यांनी बरोबर दाबला होता. फक्त किती दाबला ते त्यांना कळलं नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, एक बूट हातात. छताला धरून उभे राहिले. मला वाटलं चालत निघतील. मग त्यांनी मागचं दार उघडलं. त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. बसताना डोकं आपटलं.

"बिट्टी कुठल्या बाजूला बसायची?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मागे."

ते सरकले. माझ्या पाठीमागे आले. पट्टा सापडेना, मी उतरून लावून दिला. माझ्या सीटची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली. त्यांच्या बोटांचा दाब मला खांद्याजवळ लागत होता, आणि प्रत्येक सायकलीला, प्रत्येक वळणाला तो आणखी घट्ट होत होता. घर येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.